२१ ते २७ ऑगस्ट २०२३ : त्या आठवड्यात तुमच्या घरी काय चाललं होतं?

रानजाई
काल माळ्यावरचं सामान काढताना २०२३चं कालनिर्णय हाती लागलं. सासूबाईंचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या नणंदेकडे कराडला असतात, पण तोवर आमच्या स्वयंपाकघरातली ती भिंत त्यांची होती. दुधाचा हिशेब चौकटीत मांडायचा आणि उरलेल्या जागेत दिवसभरात जे झालं ते लिहायचं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. जागा संपली की कडेने उभं. ऑगस्टचं पान उघडलं आणि माळा तसाच राहिला.

२१ सोम – दू. १॥. नागपंचमी. दिंड केले. तवा नाही.
२२ – दू. १॥. गॅस लावला. चिनूचे डोळे आले.
२३ – दू. २. यान उतरलं ६.०४.
२४ – दू. १॥. बुद्धिबळवाला मुलगा हरला. वाईट वाटलं.
२५ – दू. १. सा. २ आल्या.
२६ – दू. १॥. चिनू शाळेत.
२७ – दू. १॥. भाल्याचं उद्या कळेल.

गॅस लावला आणि यान उतरलं, दोन्ही एकाच मापाच्या अक्षरात. मला ती संध्याकाळ लख्ख आठवली. ५.४४ ला चांद्रयान-३ चंद्रावर खाली यायला लागलं आणि पुढची वीस मिनिटं सासूबाई उभ्याच होत्या. हातात वातीचा कापूस. २०१९च्या सप्टेंबरात मध्यरात्री दोन वाजेपर्यंत जागून शेवटी चांद्रयान-२चा संपर्क तुटलेला त्यांनी पाहिला होता, त्यामुळे या वेळी बसणार नाही म्हणाल्या. उतरल्याचं कळल्यावर खाली बसल्या आणि तो कापूस डोळ्यांना लावला.

तुमच्या घरातल्या त्या आठवड्याच्या चौकटीत काय होतं? लहानसहान असेल तर जास्तच हवंय. आणि २५ तारखेचं 'सा. २ आल्या' म्हणजे काय असेल ते कोणी ओळखलं तर सांगा, मला लागत नाहीये.

तुळशीकट्टा
साड्या! इस्त्रीच्या किंवा पिको-फॉलच्या. नक्की.

निळी_शाई
डोळे!! त्या महिन्यात आमच्या अख्ख्या वाड्यात डोळे आले होते. आधी धाकटी, मग मी, मग हे. शाळेतून रोज मेसेज, डोळे लाल असतील तर पाठवू नका. आम्ही पाच जणांनी घरात काळे चष्मे लावून यान बघितलंय, फोटो आहे. सासऱ्यांना चष्मा मिळेना म्हणून त्यांनी लेकीचा गुलाबी लावला होता. पाच टॉवेल, पाच उशा, कोणाचं कोणाला लागू द्यायचं नाही, दिवसभर तेच काम.

मु_पो_निफाड
आमच्याकडे त्या आठवड्यात फक्त कांदा. १९ तारखेला शनिवारी निर्यातशुल्क ४० टक्के झाल्याची बातमी आली आणि सोमवारपासून लिलाव बंद. चाळीत उन्हाळ कांदा भरलेला, एप्रिलपासून जपलेला. नागपंचमीला पुरण घातलं पण कोणाचं लक्ष नव्हतं. मामंजी रोज सकाळी चाळीत जायचे, खालून हात घालून कांदा काढायचे, वास घ्यायचे. सड लागली की आधी वासाने कळतं. २३ ला संध्याकाळी पोरं टीव्हीसमोर ओरडली तेव्हा ते चाळीतच होते. धाकटा पळत सांगायला गेला. ते म्हणाले, "उतरलं? नीट उतरलं का?" आणि बाहेर येऊन वर बघत उभे राहिले. किती वेळ ते मी घड्याळ लावून सांगू शकत नाही, पण माझा चहा उकळून झाला तरी उभेच होते. गुरुवारी लिलाव सुरू झाले.

रानजाई
@मु_पो_निफाड, वाचून पोटात कालवलं. त्या वर्षी कांदा गेला का शेवटी?

मु_पो_निफाड
गेला. थोडा फेकला. यंदा बरं आहे.

अडीच_घरं
तुमच्या सासूबाईंनी प्रज्ञानंदची नोंद ठेवली यासाठी त्यांना माझा नमस्कार सांगा. माझा मुलगा तेव्हा अकराचा, बुद्धिबळाने झपाटलेला. बाकूला विश्वचषकाची अंतिम फेरी, समोर कार्लसन, आणि आपला पोरगा अठरा वर्षांचा. २२ चा डाव बरोबरीत. २३ ला दुसरा डाव नि यान एकाच संध्याकाळी, त्यामुळे आमच्याकडे लॅपटॉपवर पट आणि टीव्हीवर चंद्र. डाव लवकर बरोबरीत सुटला, ३० चालींत, नाहीतर लेकाने यान बघितलंच नसतं. २४ ला जलद डावांत कार्लसन जिंकला. लेक जेवला नाही. रात्री पट मांडून तोच डाव खेळत बसला, कुठे चुकलं ते शोधत.
मला मात्र त्या स्पर्धेतलं आठवतं ते प्रज्ञानंदच्या आईचं छायाचित्र. मुलगा बोलतोय आणि ती बाजूला उभी राहून बघतेय. मी स्वतः शाळाशाळांच्या व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन किती रविवार काढलेत. आत काय चाललंय ते कळत नाही, दार उघडून पोरगं बाहेर आलं की चेहऱ्यावरून ओळखायचं. ते छायाचित्र मी फोनमध्ये ठेवलंय.

खिडकीतली_मैना
साबुदाणा? श्रावण होता ना, उपवास.

तुळशीकट्टा
साबुदाणा 'आल्या' कसा होईल 🙂 स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. साड्याच.

सात_समुद्र
इथे कॅलिफोर्नियात सकाळचे ५.३४. मी ऑफिसच्या आधी उठून बसले, बाबा सोलापूरहून व्हिडिओ कॉलवर. त्यांच्या टीव्हीवर चित्र पुढे, माझ्या लॅपटॉपवर मागे. माझ्याकडे यान अजून वरच होतं आणि फोनमधून बाबांच्या टाळ्या आल्या. मी म्हटलं बाबा सांगू नका! ते हात तोंडावर ठेवून बसले, डोळ्यांतून पाणी, आणि माझ्याकडचं उतरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग आम्ही दोघांनी परत टाळ्या वाजवल्या. नवरा आणि मुलं वरती झोपलेली. दहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की बाबा याच खोलीत आहेत.

जुना_फिटर_यांची_मुलगी
माझे बाबा विक्रोळीला गोदरेजमध्ये होते, जिथे रॉकेटची विकास इंजिनं बनतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. २३ ला आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो, पेढे आणलेले. बाबा शांत. मला राहवलं नाही, विचारलं, आनंद नाही का झाला? म्हणाले, "झाला की. पण आमचं काम १४ जुलैलाच संपलं."
मग त्यांनी समजावलं. प्रक्षेपणाच्या दिवशी दुपारी २.३५ ला यान उडालं, त्यात मधल्या टप्प्याला दोन विकास इंजिनं असतात, आणि त्यांचं काम पहिल्या पाच-सहा मिनिटांत आटोपतं. तेवढीच मिनिटं ते श्वास धरून बसले होते. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास दुसऱ्यांच्या हातातला. आम्ही मात्र १४ जुलैला घरी कोणीच नव्हतो, सगळे कामावर. त्यांनी एकट्याने बघितलं. मला याची अजून रुखरुख आहे. पुढच्या वेळी रजा टाकणार.

सात_समुद्र
@जुना_फिटर, बाबांना नमस्कार. रजा नक्की टाका.

मातीचा_वास
बीड. पाऊस नव्हता. बस, एवढंच आठवतं. १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, हे नंतर वाचलं, आम्हाला सोयाबीनकडे बघूनच कळत होतं. पानं दुपारी मिटायची. रात्रपाळीची लाइट, तेव्हाच तुषार चालवायचे. २३ ला यान बघून जेवलो आणि रात्री शेतात गेलो. पाइप बदलताना वर चंद्र होता. भाऊ म्हणाला तिथं पाणी सापडलं तर आपल्याला कळवा म्हणावं.

दुर्बीणवाला
तो चंद्र मी पण बघत होतो, छतावरून! श्रावण शुद्ध सप्तमी, अर्ध्याला जरा कमी. पाऊस नसल्याचं दुःख आहेच, पण आकाश मोकळं मिळालं आणि सोसायटीतली तीस-बत्तीस पोरं वर आली. दुर्बीण छोटी. प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच, यान दिसतं का. रोव्हर २६ किलोचा, इथून दिसणं शक्य नाही. पण उजेड-अंधाराच्या रेषेवरचे खड्डे दाखवले, आणि सांगितलं की खाली दक्षिणेकडे जिथे यान आहे तिथे नुकतीच सकाळ झालीय, आता चौदा दिवस ऊन. एक पोरगी खूप वेळ डोळा लावून बसली आणि म्हणाली, "मग त्यांची आता शाळा असेल." २४ ला चंद्र ज्येष्ठाच्या ताऱ्याकडे सरकला होता, त्या रात्री तीच एकटी परत आली. आता ती दहावीला आहे आणि दर महिन्याला वर येते.

रानजाई
त्यांची आता शाळा असेल ❤️

पायवाट
मला त्या आठवड्यातली एकही बातमी आठवत नाही. बाबा आयसीयूत होते. २३ ला संध्याकाळी बाहेरच्या बाकावर बसले होते तर वॉचमनकाका आले आणि हातावर पेढा ठेवला. मला वाटलं कोणाला मुलगा झाला. विचारलं पण नाही, खाल्ला. सकाळपासून पोटात तेवढंच. तिसऱ्या दिवशी कळलं पेढा कशाचा होता.

निळी_शाई
@पायवाट बाबा आता कसे आहेत गं?

पायवाट
छान आहेत. काल चालत जाऊन भाजी आणली, सांगितलेली सोडून सगळी.

मु_पो_निफाड
बाबांना दीर्घायुष्य. 🙏

शाळेचं_मैदान
भाल्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. २७ च्या रात्री बुडापेस्टला अंतिम फेरी, आपल्याकडे पावणेबाराला सुरू. दुसऱ्या फेकीत ८८.१७ मीटर, नीरजला सुवर्ण. मी शाळेत खेळ शिकवतो. तालुक्याला आमच्याकडे भाले दोन, त्यातला एक वाकडा. सोमवारी प्रार्थनेला उभा राहिलो तर आठवीच्या मुली रांग सोडून आल्या, सर आम्हाला पण शिकवा. त्या दिवशी चौदा नावं लिहून घेतली. आधी बांबूवर पकड शिकवली. त्यातल्या दोघी यंदा विभागाला गेल्या.

खिडकीतली_मैना
कोणी दिंडांची कृती सांगेल का? आमच्या घरी नागपंचमीला पातोळ्या, हळदीच्या पानातल्या. दिंड कधी खाल्लेले नाहीत.

तुळशीकट्टा
सोपे असतात. कणकेची पारी लाटायची, मध्ये पुरण, चारी बाजूंनी घडी घालून चौकोन करायचा आणि चाळणीवर वाफवायचे. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून वाफवलेलं. खाताना वरून तूप सढळ हाताने.

रानजाई
आत्ताच सासूबाईंना फोन केला! 'सा. २' म्हणजे साखर, वाट्या दोन. २३ ला यान उतरल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवत जिना उतरत होत्या. आमच्या मजल्यावर येईपर्यंत डबा रिकामा, आणि खाली अजून दोन मजले. सासूबाईंनी आपली दोन वाट्या दिली. २५ ला ती परत आली. मी तेव्हा घरातच होते आणि मला यातलं काही ठाऊक नाही, बहुतेक चिनूच्या डोळ्यांत औषध घालत होते.

नमस्कार, प्रश्न, बाबांच्या टाळ्या, चाळीतले मामंजी, सगळं त्यांना वाचून दाखवलं. मामंजींचं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "२३ ला दूध किती लिहिलंय?" म्हटलं दोन. "अडीच होतं. चहाला माणसं वाढली म्हणून चिनूच्या बाबाला अर्धा लिटर आणायला धाडलं होतं. तेवढं नीट कर." केलं. पेन्सिलीनेच.

खिडकीतली_मैना
दिंडांची कणीक घट्ट की सैल?

तुळशीकट्टा
घट्ट. आणि साड्या नव्हत्या तर, मान्य.