मदत हवी आहे: यांची बदली फील्डला, मुलगी पुढच्या वर्षी दहावीत. देवळाली कॅम्पला मागे राहावं की गावी जावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे फौजी घरांतले बरेच जण लिहितात, नाशिककरही आहेत, म्हणून सविस्तर विचारते.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. हे तोफखान्यात हवालदार. सध्या देवळालीला क्वार्टरमध्ये राहतो. आता यांची बदली ईशान्येला, फील्डला झाली आहे. तिथे फॅमिली नेता येत नाही. मुलगी नववीत आहे, मुलगा चौथीत.

मुलगी कॅम्पाच्या हद्दीबाहेरच्या एका हायस्कूलमध्ये जाते. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. आम्ही पठाणकोटहून इथे आलो तेव्हा वर्ष निम्मं सरलं होतं आणि कॅम्पातल्या शाळांत तिच्या वर्गाला जागा नव्हती, म्हणून ही शाळा. तेव्हा तिला मराठी बोलता यायचं, पण निबंध म्हटलं की रडू यायचं. जोडाक्षरं हिंदीसारखी लिहायची. वर्गातल्या एका मुलीने तिला धरून ठेवलं. लहवितची, मळेकऱ्यांची पोर. ती हिला मराठी व्याकरण शिकवायची आणि ही तिला हिंदी आणि इंग्रजी बोलायला. आज दोघी एका बाकावर बसतात आणि मुलीला मराठीत चांगले मार्क पडतात.

या शाळेबद्दल थोडं सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आला आहे. वर्गात बरीच मुलं फौजींची, बाकीची भगूर, नानेगाव, संसारीकडची, कॅम्पातल्या दुकानदारांची, एमईएसमध्ये (लष्कराच्या बांधकाम-देखभाल खात्यात) कामाला असणाऱ्यांची. दर उन्हाळ्यात काही मुलं दाखला घेऊन जातात आणि जूनमध्ये त्यांच्या जागी कुणी जम्मूहून, कुणी फिरोजपूरहून, कुणी तेजपूरहून आलेलं असतं. तोफांच्या रेंजवर फायरिंग चालू झालं की खिडक्यांची तावदानं थरथरतात, बाई जरा थांबतात आणि तेच वाक्य पुढे नेतात. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कुणाशेजारी बसवायचं हे तिथल्या बाईंना बरोबर कळतं. मी यांच्या नोकरीत बऱ्याच शाळा पाहिल्या. एवढ्या सहज सामावून घेणारी शाळा पाहिली नाही.

आता आमच्यापुढे तीन वाटा आहेत. गावी सासूसासऱ्यांकडे जायचं आणि मुलीला तिथल्या हायस्कूलमध्ये घालायचं. इथेच सेपरेटेड फॅमिलीसाठीच्या (फौजी फील्डला, कुटुंब मागे) क्वार्टरचा अर्ज करायचा किंवा बाहेर खोली घ्यायची. नाहीतर आत्ताच केंद्रीय विद्यालयासाठी खटपट करायची, म्हणजे पुढच्या बदल्यांना त्रास कमी. मुलीला एनडीएला जायचं आहे, हे ती मनापासून म्हणते. घरातले म्हणतात, दोन पोरं घेऊन एकटी बाई परक्या गावात कशाला. हे म्हणतात, तू ठरव.

मला विचारायचंय ते हे: दहावीच्या वर्षी मंडळ बदलणं कितपत शहाणपणाचं? क्वार्टर मिळण्याची प्रक्रिया काय? आणि भगूर किंवा लॅम रोडला मुलांना घेऊन एकटीने राहणं कसं आहे?

भगूरची_शिक्षिका

ताई, मी याच भागात दहावीला शिकवते, त्यामुळे मंडळाचं आधी सांगते. नववी राज्य मंडळात आणि दहावी सीबीएसईत, असं करायला जाऊ नका. सीबीएसई विद्यार्थ्याची नोंदणी नववीतच करतं. दहावीत थेट प्रवेश मिळतो तो मुख्यतः नववी सीबीएसईत केलेल्यांना. पालकांच्या बदलीचं कारण असलं तरी मंडळाची परवानगी, कागदपत्रं, मुदती हे सगळं करावं लागतं. त्यातून प्रवेश मिळालाच, तरी पुस्तकं वेगळी, प्रश्नपत्रिकेची धाटणी वेगळी. केंद्रीय विद्यालयाचा विचार अकरावीला करा. तिथेही त्यांचे स्वतःचे विद्यार्थी आधी घेतात, हे मात्र धरून चाला.

गावी गेलात तर मंडळ तेच, पुस्तकं तीच. विभाग फक्त नाशिकऐवजी कोल्हापूर होईल. पण जायचं असेल तर जूनमध्येच जा. भाषा, गणित, विज्ञान सगळ्याला ८० गुणांचा पेपर आणि २० गुण शाळेकडचे असतात. बोर्डाचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आगेमागे भरले जातात. अर्ध्या वर्षात शाळा बदलली की वह्या, प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा सगळं नव्या शाळेला पुन्हा बघावं लागतं.

आणखी एक, शिक्षक म्हणून. वडील फील्डला गेलेलं मूल वर्गात ओळखू येतं. गप्प होतं किंवा उगाच भांडतं. आमच्या शाळांना याची सवय आहे. वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः भेटून सांगा. पोर बोलेल याची वाट बघू नका.

तोफखाना_निवृत्त

ताई, मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो, देवळालीत दोन वेळा राहिलो आहे. आपलं आर्टिलरी स्कूल फाळणीआधी काकुलला (आता पाकिस्तानात) होतं, तिथून ते इथे आलं. तेव्हापासून गनरच्या, म्हणजे तोफखान्यातल्या माणसाच्या, आयुष्यात एकदा तरी देवळाली येतेच. त्यामुळे तुमचं कुटुंब मागे राहिलं तरी ओळखीची रेजिमेंट, ओळखीचे लोक सतत येत राहतील. इतर स्टेशनांवर एवढी सोय नसते.

क्वार्टरसाठी बदलीचा आदेश हातात पडल्या दिवशीच स्टेशन हेडक्वार्टरला अर्ज द्या. सोबत शाळेचं बोनाफाईड आणि मुलगी दहावीला आहे याचा स्पष्ट उल्लेख. सध्याचं क्वार्टर शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवता येईल का, हेही त्याच वेळी लेखी विचारा. तोंडी आश्वासनावर राहू नका. मागे राहणाऱ्यांच्या क्वार्टरला वेटिंग असतं, म्हणून बाहेरची खोलीही बघून ठेवा.

साहेब निघण्याआधी जॉइंट खातं, तुमचं आणि मुलांचं डिपेंडंट कार्ड (मिलिटरी हॉस्पिटलला हेच लागतं), कँटीन कार्ड, आणि मुलांच्या शिक्षण भत्त्याचे कागद मार्गी लावा. भत्ता २०२४ पासून महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत. त्यासाठी शाळेचा दाखला वेळेवर युनिटला गेला पाहिजे.

एनडीएचं ऐकून फार बरं वाटलं. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडली, १७ जणी होत्या. आणि नाशिकलाच मुलींसाठी एनडीएची तयारी करून घेणारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू झाली आहे. मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून आहे, त्याच धर्तीवर. दहावीनंतर प्रवेश, लेखी परीक्षा आणि मुलाखत, आणि महाराष्ट्राचा अधिवास (डोमिसाईल) लागतो. दहावीत असतानाच जाहिरातीवर नजर ठेवा.

सातवी_शाळा

माझं नाव बघून कळेलच, दहावीपर्यंत सात शाळा झाल्या. मी वेगळं सांगणार आहे. माझे बाबा फील्डला गेले तेव्हा आईने माझ्या दहावीसाठी एकटीने परगावात वर्ष काढलं. मला मार्क चांगले पडले. पण धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा आई रात्रभर एकटी एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलात) आणि मी घरी एकटी. बाबांचा फोन लागायचा नाही. ते वर्ष आईच्या तब्येतीवर निघालं.

तुमच्या मुलीची शाळा चांगली आहे हे पटलं. पण तुमच्यासाठी कोण आहे तिथे? शेजारी, मैत्रीण, रात्री बाराला दार वाजवता येईल असं घर? ते असेल तर राहा. नसेल तर गावी आजीआजोबांकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही. मुलगी एकदा नवीन वर्गात रुळली आहे, पुन्हा रुळेल.

लॅम_रोड

मी इथलाच, जन्मापासून. सातवी_शाळा यांचा मुद्दा खरा आहे, म्हणून राहण्याचं नीट सांगतो.

बाहेर घ्यायचीच झाली तर खोली कॅम्पाच्या बाजारपेठेजवळ किंवा भगूर गावात, भरवस्तीत घ्या. लॅम रोडचे जुने बंगले सुंदर आहेत, पण मोठी आवारं, झाडी, संध्याकाळनंतर सामसूम. दारणाकाठचे मळे आणि उसाची रानं यांत बिबट्याचा वावर आहे, हे कॅम्पात सगळ्यांना ठाऊक आहे. घाबरवायला सांगत नाही. मुलीचा क्लास संध्याकाळी सुटत असेल तर तिला एकटीला पायी येऊ देऊ नका आणि धाकट्याला अंधार पडल्यावर अंगणात सोडू नका, एवढंच. भगूरला दुकानं, दवाखाने हाताशी, नाशिक रोडला जायला रिक्षा मिळतात, आणि भाडं नाशिक शहराच्या मानाने बरं.

लोकांचं म्हणाल तर इथे फौजी कुटुंब परकं नसतं. आमच्या घरासमोर वर्षानुवर्षं फौजी भाडेकरू राहिले आहेत. माझा शाळेतला सगळ्यात जवळचा मित्र गढवालचा होता, आठवीत आला आणि नववीत गेला. तेव्हा फोन नव्हते, पत्ता बदलला की संपलं. बहुला किल्ला आम्ही दोघांनी लांबूनच पाहिला, तो फायरिंग रेंजमध्ये येतो. तिथे जायचे बेत मात्र रोज करायचो. तुमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीसोबत दहावी देता आली तर मला मनापासून आनंद होईल. आमच्यासारख्या इथेच राहणाऱ्या पोरांनाही ते बाक रिकामं झालेलं लागतं, हे फारसं कुणी विचारात घेत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सातवी_शाळा, तुमचं वाचून यांच्याशी पुन्हा बोलले. शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनींचे मिस्टरही पुढच्या वर्षी फील्डलाच आहेत आणि त्याही मुलाच्या बारावीसाठी इथेच राहणार आहेत. शिवाय सासूबाई दिवाळीनंतर परीक्षा होईपर्यंत इथे येऊन राहायला तयार झाल्या. काका म्हणाले तसा अर्ज दिला आहे, बोनाफाईड जोडलं आहे. वर्गशिक्षिकेलाही भेटून आले. तेव्हा दहावी इथेच.

एक अडचण उरली. मुलीचा जन्म पठाणकोटच्या एमएचमधला, आणि महाराष्ट्रात तिची सलग वर्षं कमी भरतात. पुढे अधिवासाचं काय?

भगूरची_शिक्षिका

छान झालं ताई. अधिवासासाठी वडिलांची कागदपत्रं पुढे करा. त्यांचा जन्म, शाळा, गावचं घर सगळं सातारा जिल्ह्यातलं आहे ना? त्यांचं अधिवास प्रमाणपत्र नसेल तर ते रजेवर असतानाच काढून घ्या, कारण नंतर तेच अडतं. त्यांचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागेल, तो गावच्या शाळेतून आत्ताच मागवा. पुढे इंजिनिअरिंगकडे वळली तरी राज्याच्या प्रवेशात सैनिकांच्या मुलांसाठी ५ टक्के जागा असतात, एका संस्थेत जास्तीत जास्त ५. महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या, सेवेतल्या सैनिकांच्या मुलांचा त्यात वेगळा गट आहे आणि त्याला युनिटचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

आणि मुलीच्या दाखल्यावर जन्मस्थान, जन्मतारीख, आडनावाचं स्पेलिंग आत्ताच तपासा. पठाणकोटच्या दाखल्यावर आणि इथल्या रजिस्टरमध्ये फरक असेल तर बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्तीचा अर्ज शाळेत द्या. मंडळाचं प्रमाणपत्र छापून आल्यावर हीच दुरुस्ती फार लांबते.