पोटासाठी आधी फायबर की आधी प्रोबायोटिक?

ओंजळ (धागाकर्ती)

गेल्या वर्षी दाढेच्या संसर्गासाठी अँटिबायोटिकचा कोर्स झाला आणि पोट बिघडलं ते बिघडलंच. जुलाब थांबले, पण सकाळी पोट साफ होईना आणि दुपारनंतर ते फुगायला लागलं. जो तो म्हणाला, प्रोबायोटिक घे. घेतलं. तीन वेगवेगळ्या कॅप्सूल, मिळून सात महिने. एकदा संपल्या आणि आणायच्या राहून गेल्या, तेव्हा लक्षात आलं की घेत होते तेव्हाही तेवढाच त्रास होता आणि बंद केल्यावरही तेवढाच आहे. मग इसबगोल सुरू केलं, रोज एक लहान चमचा. तीन आठवड्यांत सकाळचं गणित बसलं.

एकटीच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, म्हणून वाचत गेले. प्रोबायोटिकची रूढ व्याख्या २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी केली: पुरेशा मात्रेत दिल्यास घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. म्हणजे फायदा हा व्याख्येचाच भाग आहे. डबीवर मात्र बहुतेक वेळा अमुक अब्ज जिवाणू एवढंच ठळक असतं. कोणता स्ट्रेन, म्हणजे त्या जिवाणूचा नेमका कोणता उपप्रकार, हे शोधावं लागतं. 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' एवढंच वाचलं तर आडनाव कळलं, माणूस कळला नाही. त्यापुढचं 'जीजी' महत्त्वाचं, कारण चाचण्या त्या विशिष्ट स्ट्रेनवर झालेल्या असतात.

२०२० साली अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने मार्गदर्शक सूचना काढल्या. पचनाच्या बहुतेक आजारांसाठी प्रोबायोटिकची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आयबीएससाठी (कळा, फुगवटा, शौचाचं बिघडलेलं गणित असा आतड्याचा चिवट विकार) तर फक्त संशोधन-चाचणीचा भाग म्हणूनच द्यावं, असं म्हटलं.

फायबरचं उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला आढावा २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात दीर्घकाळ चाललेले १८५ निरीक्षण-अभ्यास आणि ५८ चाचण्या होत्या. भरपूर फायबर खाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यू, हृदयविकार, टाइप २ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण कमी फायबर खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसलं. सर्वाधिक फायदा दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या आसपास.

कारणही समजण्यासारखं आहे. फायबर आपल्याला पचत नाही, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातं. ते आंबवून जिवाणू जी आम्लं बनवतात, त्यातलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. आधीपासून आत राहणाऱ्या घरच्यांना उपाशी ठेवायचं आणि बाहेरून पाहुण्यांना आवतण द्यायचं, हे मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं: धडधाकट माणसाने पोटासाठी काही घ्यायचंच तर आधी फायबर. प्रोबायोटिक घ्यायचं ते ठराविक कारणासाठी, ठराविक स्ट्रेनचं, ठराविक मुदतीपुरतं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

---

काठावरचा

साफ असहमत. मला आयबीएस आहे, नऊ वर्षं झाली. 'फायबर वाढवा' हा सल्ला मी जितका ऐकलाय तितका कुठलाच नाही, आणि त्याने जितका त्रास झालाय तितकाही कशानेच नाही. गव्हाचा कोंडा दोन महिने नेटाने खाल्ला. पोटात कळा, फुगवटा, दिवसाला पाच-पाच वेळा धावपळ.

मग प्रोबायोटिक घेतलं. चौथ्या आठवड्यात फरक पडला. कळा निम्म्यावर आल्या, फुगवटा उतरला, वजनही थोडं कमी झालं, अंग हलकं वाटतं. तेव्हापासून सोडलेलं नाही.

ब्रिटनची उपचारांच्या सूचना काढणारी नाइस ही संस्था आयबीएसच्या रुग्णांना सांगते की प्रोबायोटिक घेऊन बघायचं असेल तर किमान चार आठवडे घ्या आणि परिणामावर लक्ष ठेवा. मी नेमकं तेच केलं. 'आधी फायबर' असं सगळ्यांना सरसकट सांगणं माझ्यासारख्यांवर अन्याय आहे.

---

ओंजळ

काठावरचा, तुमचा त्रास मी नाकारत नाही. पण तुम्ही खाल्लात तो कोंडा. त्याच नाइसच्या सूचनांमध्ये आयबीएसवाल्यांनी कोंड्यासारखं न विरघळणारं फायबर टाळावं आणि वाढवायचंच असेल तर विरघळणारं वाढवावं, असं म्हटलंय. २००९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आयबीएसच्या २७५ रुग्णांवरची चाचणी छापून आली. एका गटाला इसबगोल, दुसऱ्याला कोंडा, तिसऱ्याला नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना आराम पडला. कोंडावाल्या गटातून लक्षणं बळावल्यामुळे अनेकांनी चाचणी अर्ध्यावर सोडली. तुमच्या बाबतीत झालं ते तिथेही झालं. फायबर हा एकच पदार्थ नव्हे.

दुसरी गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. आयबीएसमध्ये नुसत्या गोळीच्या असण्यानेही खूप जणांना बरं वाटतं. २०१० साली अमेरिकेत ८० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना 'ही औषध नसलेली गोळी आहे' असं तोंडावर सांगून ती दिली. तरीही ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला. काहीच न दिलेल्यांमध्ये हे प्रमाण ३५ टक्के होतं.

---

काठावरचा

म्हणजे माझा आराम मनाचा खेळ?

---

ओंजळ

नाही. आराम खराच आहे. तो कशामुळे आला, एवढाच प्रश्न आहे. आयबीएसची लक्षणं आपोआप वरखाली होतात आणि माणूस नवीन उपाय शोधतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. सुरू केल्यापासून तुम्ही ते प्रोबायोटिक एकदा तरी बंद करून पाहिलंत का?

---

तिसरी घंटा

मलाही ओंजळ यांचं म्हणणं अर्धंच पटतं. 'ठराविक कारण' म्हणून तुम्ही पुढे गेलात, पण सगळ्यात मोठं कारण तुमच्याच गोष्टीत होतं: अँटिबायोटिक.

चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूबद्दलच्या ३१ चाचण्या आणि ८,६७२ लोक होते. अँटिबायोटिकच्या जोडीने प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी १.५ टक्के लोकांना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब झाले, न घेतलेल्यांपैकी ४ टक्क्यांना. हे जुलाब म्हाताऱ्या माणसाला लोळवतात. तुम्ही जिच्या सूचना दाखवताय त्या असोसिएशननेही याच उपयोगाला, काही स्ट्रेनपुरती का होईना, मान्यता दिली आहे. तुम्ही कॅप्सूल सुरू केलीत ती कोर्स संपून जुलाब थांबल्यावर. उशिरा घेतलेल्या छत्रीवर भिजल्याचा दोष टाकता येत नाही.

---

दुर्बीण

तिसरी घंटा, त्या आढाव्यातला फायदा मुख्यतः जिथे हा आजार मुळातच जास्त होता अशा चाचण्यांमधून आला होता. आणि २०१३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत, रुग्णालयात दाखल असलेल्या ६५ वर्षांपुढच्या जवळपास तीन हजार लोकांना काहीही फायदा दिसला नाही. एवढी मोठी चाचणी या विषयात विरळाच.

कोर्स संपल्यानंतर घेण्याबद्दल तर उलटं चित्र आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ मधल्या प्रयोगात अँटिबायोटिकनंतर काही लोकांना ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक दिलं, काहींना काहीच नाही. ज्यांना काही दिलं नाही त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले. प्रोबायोटिकवाल्यांचे रेंगाळले.

---

तिसरी घंटा

तो प्रयोग २१ लोकांवर होता, आणि तेही तीन गटांत वाटलेले. जिवाणू उशिरा परतले म्हणून त्यांची तब्येत बिघडली का, हे त्यात मोजलेलं नाही. तीन हजारांच्या चाचणीचं तुमचं म्हणणं मान्य, पण मग २१ जणांचं त्याच तराजूत घालू नका.

---

दुर्बीण

मान्य. आकड्याचं वजन मी धरलं नाही.

---

मुळापासून

मी दोन्ही बाजूंशी भांडायला आलोय. ओंजळ, तुमच्या मूळ लिखाणात एक मोठी उडी आहे आणि ती अजून कुणी पकडली नाही. लॅन्सेटमधला तो १५ ते ३० टक्क्यांचा आकडा जेवणातल्या फायबरचा आहे. अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं. तो तुम्ही डब्यातल्या पावडरच्या खात्यावर जमा केलात. जेवणातून ३० ग्रॅम फायबर खाणारा माणूस त्याबरोबर इतर शंभर गोष्टी खातो आणि कित्येक गोष्टी खात नाही. शिवाय त्या १८५ अभ्यासांत संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

दुसरी उडी त्याहून मोठी. तुम्ही ब्युटिरेटबद्दल लिहिलंत आणि घेतलंत इसबगोल. इसबगोल जिवाणूंना फारसं आंबवता येतच नाही. ते पाणी धरून जेल बनवतं आणि तसंच पार शेवटपर्यंत जातं. म्हणूनच ते कडक शौच मऊ करतं आणि पातळ असेल तर घट्ट करतं. तुमचं पोट साफ झालं ते जेलमुळे. घरच्यांना जेवण मिळालं म्हणून नव्हे. जिवाणूंना भरपूर खाऊ देणारं फायबर म्हणजे इन्युलिन, आणि ते इतक्या झपाट्याने आंबतं की गॅसने जीव नकोसा होतो.

प्रोबायोटिकवाल्यांनाही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२१ मध्ये ३६ निरोगी लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी दहा आठवडे जेवणातलं फायबर वाढवलं, निम्म्यांनी आंबवलेले पदार्थ. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातले जिवाणू अधिक विविध झाले आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं घटली. फायबरच्या गटात विविधता सरासरीने वाढली नाही. प्रयोग लहान आहे, पण तिथे ना कॅप्सूल होती ना पावडर.

---

ओंजळ

मुळापासून, हे मला लागलं, आणि बरोबर लागलं. दोन्ही चुका माझ्याच. इसबगोलचा फायदा आणि जेवणातल्या फायबरचा फायदा मी एकाच पोत्यात भरला होता. दुरुस्त करते: बद्धकोष्ठ असेल किंवा आयबीएस, तर इसबगोलला त्या त्या कामासाठी चांगला पुरावा आहे. दीर्घायुष्याचा हिशोब ताटातल्या फायबरचा.

पण 'पावडर नकोच' हे मला अजूनही पटत नाही. दात नसलेली, भूक मेलेली माणसं ताटातून ३० ग्रॅम कुठून आणणार? इसबगोलने एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलही उतरतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने १९९८ सालीच, दिवसाला ७ ग्रॅम विरघळणारं फायबर इसबगोलमधून मिळत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा दावा वेष्टनावर छापायला परवानगी दिली होती.

---

शेवग्याची सावली

इन्युलिनबद्दल +१. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले होते. रात्रभर झोप नाही.

---

रात्रपाळी

मी वॉर्डात काम करते. इथे कुणीही धोक्याबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

जिवंत जिवाणू सगळ्यांसाठी निरुपद्रवी नसतात. २००८ साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला तीव्र सूज आलेल्या गंभीर रुग्णांवर चाचणी झाली. प्रोबायोटिक दिलेल्या १५२ पैकी २४ दगावले. न दिलेल्या १४४ पैकी ९. संसर्ग टळावा या चांगल्या हेतूने दिलेलं होतं ते. २०२३ मध्ये एका अकाली जन्मलेल्या बाळाचा प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाल्यावर एफडीएने रुग्णालयांना इशारा दिला. सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक म्हणून घेतलं जाणारं यीस्ट आहे. अँटिबायोटिकने ते मरत नाही म्हणून लोकप्रिय आहे, पण मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरू शकतं. केमोथेरपी चालू आहे, अवयव प्रत्यारोपण झालंय, प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशा माणसाला 'घे, काही होत नाही' असं कुणीही सांगू नका. काही होतं.

फायबरवाल्यांनाही. इसबगोल कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलं तर घशात, अन्ननलिकेत फुगून अडकतं. किमान २४० मिलीलिटर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि झोपायच्या तोंडावर घ्यायचं नाही. गिळायला त्रास असलेल्या किंवा आतडं कुठे अरुंद झालेल्या माणसाने घ्यायचंच नाही. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषधाचं शोषण कमी होतं.

---

काठावरचा

सगळं वाचलं. ओंजळ, तुमचा 'बंद करून पाहिलंत का' हा प्रश्न दोन दिवस डोक्यात फिरतोय. चार आठवडे कॅप्सूल बंद करतो आणि कळा, फुगवटा, शौचाच्या वेळा रोज वहीत लिहितो. त्रास परत आला तर पुन्हा सुरू करीन आणि इथे येऊन ठणकावून सांगीन. इसबगोल आजपासूनच सुरू करू का?

---

ओंजळ

दोन्ही एकदम नको, काय कशाने झालं ते कळणार नाही. आधी चार आठवडे नुसतं बंद. मग इसबगोल दिवसाला ३-४ ग्रॅमपासून, आणि दर आठवड्याला थोडं वाढवत जा. त्रास परत आला तर मला ठणकावून सांगाच, मी वाट बघेन.

---

रात्रपाळी

काठावरचा, त्याआधी एक विचारते. तुम्ही पहिल्या प्रतिसादात वजन उतरल्याचं लिहिलंत. ते मुद्दाम उतरवलंत का? किती, आणि कधीपासून? वय काय तुमचं? शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यातलं काही आहे का?

---

काठावरचा

रक्त नाही. वय ५४. वजन वर्षभरात पाच किलो उतरलंय, मुद्दाम नाही. कॅप्सूलने पोट हलकं झालं म्हणून उतरलं असं धरून चाललो होतो. वडिलांच्या भावाला आतड्याचा कर्करोग होता.

---

रात्रपाळी

मग वही, कॅप्सूल, इसबगोल सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आयबीएसने वजन असं उतरत नाही. जे इथे लिहिलंत ते तसंच्या तसं त्यांना सांगा, काकांचंसुद्धा.

---

काठावरचा

गुरुवारची वेळ घेतली आहे.