कार्बन ‘साठवायचा’ की ‘जिरवायचा’?

(तिघांचा संवाद; नावांऐवजी त्यांची गावे दिली आहेत.)

अलिबाग : गावच्या वाचनालयात कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीत ठेवण्याविषयी बोलायचे आहे. सगळीकडे ‘कार्बन साठवण’ लिहितात, मला ते खटकते. साठवण म्हणजे आगोटीची बेगमी : सुकी मासळी, डाळ, लाकडे, पावसात काढून वापरायची. हा वायू तर पुन्हा वर येऊच द्यायचा नाही. मग ‘गाडणे’ म्हणू का?

देवगड : ‘जिरवणे’ घ्या. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ घरोघरी पोचलेले आहे. ‘कार्बन अडवा, कार्बन जिरवा’ लगेच कळेल.

रत्नागिरी : ‘अडवणे’ अपुरे वाटते. वायू धुरातून वेगळा काढावा लागतो. तुमच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया करताना हाच वायू वेगळा निघतो आणि युरियात जातो. मी ‘वेगळा काढणे’च म्हणेन.

‘जिरवणे’ मात्र खडक बघून वापरा. नॉर्वेत स्लाइपनर इथे १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात वायू सोडतात. वर चिकण खडकाचे झाकण आहे, त्याखाली तो कोंडून राहतो. ती साठवणच, फक्त कधी न उघडायची. आइसलँडमध्ये कार्बफिक्स या प्रकल्पाने वायू पाण्यात विरघळवून बसाल्टमध्ये सोडला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगड झाला. हे खरे जिरणे.

आपली काळवत्री, म्हणजे काळा दगड, हीसुद्धा बसाल्टच, म्हणून हा शब्द इथे चटकन पटेल आणि तिथेच जपायला हवे. त्या पद्धतीत एक टन वायूला २५ टनांच्या आसपास पाणी लागते. वैशाखात आमच्या वाडीतल्या विहिरी तळाला जातात, तेव्हा ‘जिरवा’ म्हणताना पाणी कुठले, हेही सांगायला हवे.

अलिबाग : पटले. आणि या कामात कंपन्यांसाठी सरसकट लिहितात त्या ‘भागीदारी’ शब्दाचे काय?

देवगड : रापणीत दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तो भागीदार. मासळी विकत घेणारा नव्हे.

रत्नागिरी : अगदी बरोबर. नॉर्वेच्या नॉर्दर्न लाइट्स या वायू साठवणाऱ्या कंपनीत इक्विनॉर, शेल आणि टोटलएनर्जीज या तेलकंपन्या भागीदार. नॉर्वेतल्याच ब्रेविकचा सिमेंट कारखाना आपला वायू वेगळा काढून जहाजाने त्यांच्याकडे पाठवतो, तो त्यांचा गिऱ्हाईक. दोघांनाही ‘भागीदार’ म्हटले, तर उद्या वायू गळला तेव्हा जबाबदार कोण, हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. पहिल्यांना ‘भागीदारी’, दुसऱ्याला ‘करार’ म्हणा.