‘हातानं बनवलेलं’ म्हणजे नक्की कुणाच्या हातानं?

खणपारखी

गेल्या आठवड्यात इथे चर्चेचा एक धागा आला होता, ‘मॉल विसरा, छोटी ऑनलाइन दुकानं शोधा’. खणाची कानातली, तोरणं, गोधड्या, लाकडी खेळणी विकणाऱ्या इन्स्टावरच्या दुकानांची लांबलचक यादी, सुरेख फोटो, आणि शेवटी वाचकांना सूचना: ‘सगळं हातानं बनवलेलं आहे. भाव पाडून आणि उगाच चौकशा करून या मुलींना त्रास देऊ नका.’

भाव पाडू नका, एकदम मान्य. पण चौकशा का करायच्या नाहीत? त्या धाग्यावर लिहिलं असतं तर कौतुकाच्या प्रतिसादांत हरवलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझं आजोळ गुळेदगुड्डजवळचं, बागलकोट जिल्ह्यातलं. खणाचं मूळ गाव. हातमागावरचा खण चोळीपुरता असतो, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी कमी, दोन्ही अंगांना काठ. त्या मागावर साडीचा पन्हा निघतच नाही. तरी यादीतल्या कितीतरी दुकानांत ‘पारंपरिक हातमागाची खणसाडी’ आहे आणि त्याच कापडाच्या तुकड्यांची कानातली, पर्स, टेबल-रनर. हे कापड बहुतेक यंत्रमागाचं असतं. बऱ्याचदा त्यात पॉलिएस्टरही असतं. खात्री करायची असेल तर शिवणीच्या आतून एक धागा ओढा आणि त्याला काडी लावा. सुती असेल तर कागद जळाल्याचा वास येतो आणि राख मऊ पडते. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास. वितळून टोकाला कडक मणी झाला तर ते पॉलिएस्टर.

यंत्रमागाचं कापड वापरण्यात काही वाईट नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतली घरं त्यावर चालतात. पण मग तसं लिहा की! ‘कापड यंत्रमागाचं, जोडकाम माझं’ एवढं लिहायला काय हरकत आहे? विणकराचं नाव लावून माल विकायचा आणि त्यातला छदामही विणकराकडे जाऊ द्यायचा नाही, याला मी छोट्या उद्योगाला पाठिंबा म्हणणार नाही. मी दुकान शोधते ते फोटो बघून नाही. यातलं काय हातानं झालं, कुणी केलं, कुठे केलं, हे विचारते. जो सांगतो त्याच्याकडून घेते.

सुईदोरा_ठाणे

मी त्या यादीतली एक. नाव सांगणार नाही, सांगितलं तर इथले लोक जाहिरात म्हणतील.

ताई, तुमचं आजोळ गुळेदगुड्डला आहे, सगळ्यांचं नसतं. मी कापड दादरला घाऊकवाल्याकडून घेते. तो जे सांगतो ते मी लिहिते. माझ्याकडे काय प्रयोगशाळा आहे का? आणि काम म्हणजे नुसतं कापड चिकटवणं वाटतं का तुम्हाला? बुट्टी गोलाच्या बरोबर मधोमध यावी लागते, दोन्ही कानातल्यांत सारखी यावी लागते, त्यापायी मीटरमधलं निम्मं कापड कचऱ्यात जातं. कड दुमडताना सुरकुती पडली की पहिल्यापासून. मागची बाजू नीट बंद केली नाही तर घामानं पुठ्ठा फुगतो आणि कापड सुटतं. म्हणून मी पुठ्ठा सोडून लाकडाच्या चकत्या घ्यायला लागले, त्या महाग पडतात. मुलं झोपल्यावर रात्री बसून करते हे सगळं. माझे हात हात नाहीत का?

खणपारखी

@सुईदोरा, हात आहेतच, तेच तर लिहा म्हणतेय. आत्ता जे लिहिलंत, चकतीबद्दल, बुट्टीबद्दल, ते दुकानाच्या पानावर का नाही? तिथे काय आहे, ‘शतकानुशतकांची हातमाग परंपरा’. घाऊकवाला सांगेल ते खरं धरायचं, तर गिऱ्हाईकानं तुमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

पेठेतला

विषय निघालाच आहे तर माझं एक ऐका. कापडाचं राहू द्या, आधी किंमत लिहायला शिका. ‘किंमत इनबॉक्स’! सगळीकडे तेच. बायकोसाठी एक नथ बघितली, किंमत विचारली, तर ‘दादा डीएम केलंय’. डीएममध्ये ‘आधी पिनकोड सांगा’. पिनकोड सांगितला तर दुसऱ्या दिवशी उत्तर. तोपर्यंत हळदीकुंकू उरकलं. भाजीवालासुद्धा पाटी लावतो.

दिवेलागण

+१. आणि प्रोफाइल बघून किंमत ठरते याची मला खात्री आहे. मी आणि माझ्या नणंदेनं एकाच तोरणाची चौकशी केली, मला वेगळा भाव, तिला वेगळा. तिच्या प्रोफाइलवर परदेशातले फोटो आहेत. काय समजायचं ते समजा.

सुईदोरा_ठाणे

आम्ही किंमत का लिहीत नाही ते सांगू? लिहून पाहिलंय. पहिली कमेंट येते, ‘हे रविवार पेठेत साठ रुपयाला मिळतं’. दुसरी, ‘एवढ्यात सोन्याचं येईल’. मग ज्यांना घ्यायचं असतं ते पण मागे हटतात. आणि शेजारच्या पानावर माझाच फोटो, माझाच हात दिसतोय त्यात, किंमत माझ्यापेक्षा पन्नासनं कमी! तक्रार केली तर प्लॅटफॉर्मकडून उत्तर नाही. तुम्ही खुशाल भाजीवाल्याची उदाहरणं द्या.

पेठेतला

पण रविवार पेठेत साठ रुपयाला मिळतं हे खोटं आहे का? बोहरी आळीत जा, मणी, हुक, साखळ्या, तयार झुमके किलोवर मिळतात. तेच आणून खणाचा तुकडा डकवायचा आणि साडेतीनशे.

सुईदोरा_ठाणे

मग जा ना बोहरी आळीत! तुम्हाला कुणी हात धरून माझ्या पानावर आणलं? मणी किलोवर मिळतात तसे बटाटेही किलोवर मिळतात, हॉटेलात जाऊन बटाट्याच्या भावात वडा मागता का?

कलमवाली

दोघंही जरा थांबा. वकिली करते म्हणून लिहितेय. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. ऑनलाइन विकणाऱ्यानं एकूण किंमत एका आकड्यात, कर आणि पोचवण्याच्या खर्चाची फोड करून, आधी दाखवायची असते. विक्रेत्याचं नाव-पत्ता, परताव्याच्या अटीही. ‘मी घरगुती आहे’ ही सूट फक्त हौसेखातर एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला आहे. नियमितपणे धंदा करणाऱ्याला नाही. तेव्हा ‘किंमत इनबॉक्स’ ही नुसती गैरसोय नाही, नियमात बसत नाही.

पेठेतला

बघा! धन्यवाद ताई. हे छापून चिकटवायला पाहिजे.

सुईदोरा_ठाणे

वा. मोठ्या कंपन्या कुठून कुठून माल आणतात, खोटे ‘मूळ भाव’ लिहून सत्तर टक्के सूट दाखवतात, तिथे नियम आठवत नाहीत. घरात बसून चार कानातली करणारी बाई दिसली की लगेच नियम.

कलमवाली

नियम त्यांनाही आहेत, त्यांच्याविरुद्ध पण तक्रार करा, मी मदत करेन. आणि तुमच्या बाजूचं पण सांगते, म्हणजे कायदा फक्त धाक दाखवायला आहे असं वाटायला नको. जीएसटीसाठी २०१८ मध्ये हस्तकलेच्या वस्तूंची व्याख्या केली, तीत थोडी अवजारं, यंत्रं वापरली तरी चालतात, वस्तू मुख्यतः हातानं झालेली हवी. पण त्याच व्याख्येत पुढे आहे की त्यावरचं सजावटीचं काम भरीव हवं आणि यंत्रावरच्या तशाच वस्तूपेक्षा ती पुरेशी वेगळी हवी. मोठ्या बाजारपेठी संकेतस्थळांवर विकायला पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटीची नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना त्यातून सवलत आहे, पण राज्यातल्या राज्यात विकलं तरच. ठाण्याच्या बाईनं बेळगावला माल पाठवला की प्रश्न उभा राहतो. या बायका इन्स्टावरच का अडकून पडतात त्याचं एक कारण हे आहे.

सुईदोरा_ठाणे

हे आधी सांगायला हवं होतं कुणीतरी. सगळे ‘धंदा वाढव’ म्हणतात, कागद कुणी सांगत नाही.

न्यूजर्सीची_मावशी

आमच्याकडची गत ऐका. एट्सी या हातानं बनवलेल्या वस्तूंच्या संकेतस्थळावर मी सुरुवातीपासून घेते. तेव्हा बनवणारीच विकायची. २०१३ मध्ये त्यांनी बाहेरच्या कारखान्यात बनवून घेतलेल्या मालाला परवानगी दिली, तेव्हापासून शोधलं की पानंच्या पानं एकसारख्या वस्तू. एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरचं कमिशन ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केलं, तेव्हा विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. तेव्हा खणपारखी म्हणतात ते बरोबर आहे, व्याख्या सैल झाली की खऱ्याला जागा उरत नाही.

पण आमचं खरं दुखणं वेगळं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. त्याआधीच, २५ तारखेपासून, भारतीय टपाल खात्यानं इकडची पार्सलं बंद केली, ती १५ ऑक्टोबरला सुरू झाली. ऐन दिवाळीच्या तोंडावर! तोरणं आणि कंदील पुण्यात पडून राहिले. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनी काय केलं असेल, इथल्या दुकानातून प्लॅस्टिकचं आणलं.

पायताण

कोल्हापूरकर आहे, जरा तिखट लागेल. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल दिसली, नाव घेतलं नाही म्हणून सगळं नेट पेटलं. योग्यच होतं. २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पण प्राडावर तुटून पडलेली हीच मंडळी ऑनलाइन तीनशे रुपयाची ‘हातानं बनवलेली कोल्हापुरी’ मागवतात. उलटी करून बघितली का कधी? तळ रबराचा, वर रेक्झिन, कडेला मशीनची शिलाई, आत खिळे. खऱ्या चपलेत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीनं शिवतात, चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते तीनशेत बसतं का? मोठ्या परदेशी चोराला शिव्या घालणं सोपं आहे. इथे चोरी करणारा आपलाच, आणि त्यातनं घेणारे आपणच.

पेठेतला

म्हणूनच किंमत लिहा म्हणतोय. तीनशे वाचलं की कळेल ना खोटी आहे.

गोधडीवाली_वहिनी

सगळे खणाच्या आणि चपलेच्या मागे, गोधडीकडे कुणी बघतच नाही. माझ्या सासूबाईंच्या बचत गटात बायका गोधड्या शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, कडेपासून धावदोरा घालत फिरत फिरत मध्यापर्यंत. एक शिवायला आठवडे जातात. महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनाला नेल्या तर बायका हात लावून बघतात, पाठ बघतात, घेतात. ऑनलाइन कुणी घेत नाही, कारण तिथे मशीनवर शिवलेली क्विल्ट ‘आजीची गोधडी’ म्हणून पाचव्या हिश्शात मिळते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायचं असेल तर दोऱ्याचा जवळून फोटो मागा. हाताच्या धावदोऱ्यात टाक्यांमध्ये मोकळी जागा असते आणि टाके लहानमोठे पडतात. मशीनची रेघ सलग, दोन्ही बाजूंनी सारखी.

खणपारखींचं म्हणणं पटतंय, पण एक सांगते. आमच्या बायकांना ‘काय, कुणी, कुठे’ असं लिहिता येत नाही, नीट फोटोसुद्धा काढता येत नाही. ज्यांना छान मराठी-इंग्रजी लिहिता येतं त्याच तुमच्या परीक्षेत पास होणार.

खणपारखी

@वहिनी, हा मुद्दा मी नाकारत नाही. लिहिता न येणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं, एवढंच म्हणेन. तुमच्या सासूबाईंना फोन केला तर दोन मिनिटांत सगळं सांगतील. ज्या पानावर हजारो फॉलोअर आहेत तिथे विचारलं तर मला ब्लॉक केलं. माझा राग त्यांच्यावर आहे.

दिवेलागण

ब्लॉक केलं?? काय विचारलंत असं?

खणपारखी

‘विणकर कुठल्या गावचा?’ एवढंच. आधी हृदयाची खूण आली, मग ब्लॉक.

सुईदोरा_ठाणे

ती मी नव्हे, हे आधीच सांगते.

ठीक आहे. पुढच्या लॉटपासून ‘कापड यंत्रमाग’ लिहीन. तुमच्यामुळे नाही, काल एका पर्सच्या शिवणीतला धागा जाळून बघितला म्हणून. मणी झाला. घाऊकवाल्याला फोन केला तर म्हणतो, ‘मॅडम, गिऱ्हाईक कुठे जाळून बघतंय?’ आता मला खऱ्या खणवाल्याचा पत्ता द्या. नुसती टीका करू नका.

खणपारखी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पण आधीच सांगते, ते सुटा मीटर देत नाहीत, अख्खा तागा घ्यावा लागतो आणि पैसे आगाऊ. रंग मिळतील ते घ्यायचे, ‘पेस्टल’ मागू नका. भाव तुमच्या आत्ताच्या कापडाच्या कितीतरी पट आहे.

सुईदोरा_ठाणे

एकटीला अख्खा तागा झेपणार नाही. ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडच्या कुणी करणाऱ्या असतील तर वाटून घेऊ. पैसे आधी गोळा करेन, उधारी नको.

गोधडीवाली_वहिनी

मी बदलापूरची. गोधडीच्या कडेला खणाची पट्टी लावायची बरेच दिवस मनात आहे. माझा हिस्सा धरा.

पेठेतला

आणि त्या कानातल्यांची किंमत पानावर लिहिणार का?

सुईदोरा_ठाणे

हातमागाच्या जोडीची लिहीन. साडेसातशे. आता रविवार पेठेचा भाव सांगायला येऊ नका.

पेठेतला

साडेसातशे?!