ग्रेट ओशन रोड: एक व्हॅन की दोन गाड्या?

बारा जणांच्या कुटुंबाने सहलीसाठी दोन गाड्यांऐवजी एकच मोठी व्हॅन भाड्याने घ्यावी, असा सल्ला दिला जातो; ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्यापुरता तरी तो मला पटत नाही. हा रस्ता ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथे मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासह बारा आसनांपर्यंतचे वाहन चालवता येते हे खरे. परंतु सर्व आसने भरली की सामानाला जागा उरत नाही, आणि लॉर्न ते अपोलो बे या कड्याला बिलगून जाणाऱ्या वळणावळणाच्या टप्प्यात मागच्या रांगेतल्यांना हमखास मळमळते. आम्ही दोन गाड्या घेतल्या, त्यामुळे सासूबाईंना पुढे बसता आले आणि मुलांसाठी वाटेल तिथे थांबताही आले. सात वर्षांखालील मुलांना वयानुरूप चाइल्ड सीट तिथे सक्तीची आहे, तेव्हा ती गाडीसोबतच आरक्षित करावी.

दुसरा मुद्दा प्रवासाच्या दिशेचा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात बांधलेला हा सुमारे 240 किलोमीटरचा रस्ता पूर्व टोकाच्या टॉर्की गावाकडून पश्चिमेला धरला, तर वाहतूक डावीकडून असल्याने समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि थांब्यांवर वळताना समोरची मार्गिका ओलांडावी लागत नाही. परतताना कोलॅकवरून जाणारा आतला महामार्ग घ्यावा. तो बराच सरळ आहे आणि दमलेली मंडळी त्यावर निवांत झोपतात.