कॅप्टनची सीट मिळतेय, पण दुसऱ्या बेसला. घर हलवायचं की आपणच ये-जा करायची?

उजवीकडचा (धागाकर्ता):
अकरा वर्षं उजव्या सीटवर, म्हणजे फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) म्हणून काढली. आता कॅप्टनची जागा निघाली आहे, पण आमच्या बेसला, म्हणजे ज्या विमानतळावरून माझ्या ट्रिप सुरू होतात तिथे, नाही. विमानाने अडीच तास लांब. मुलगी नववीत, धाकटा चौथीत, बायकोची नोकरी इथे आणि सासूबाई खालच्याच मजल्यावर. बिड, म्हणजे त्या जागेसाठीचा अर्ज, भरायची मुदत तोंडावर आल्याने घरात दुसरा विषय नाही.

माझं मत विचाराल तर घर हलवू नये. रिपोर्टिंगच्या वेळेला मी बेसवर हजर असलो की कंपनीचं काम झालं. आदल्या रात्री कुठे झोपलो हे कोणी विचारत नाही. महिन्याला चार ट्रिप म्हणजे चार वेळा जाणं, चार वेळा येणं. जंपसीट (कॉकपिटमधली जादा खुर्ची) आहे, स्टाफ तिकीट आहे, कितीतरी जण हेच करतात. आणि बेस म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. आज आहे, उद्या कंपनीने गुंडाळला की संपलं. त्याच्यापायी चार माणसांची घडी का विस्कटायची?

उलट मत असेल तर बेधडक लिहा.

जुना कमांडर:
नऊ वर्षं ये-जा केली आहे, म्हणून लिहितो. तुमचं चार वेळांचं गणित कागदावरच शोभतं.

रिपोर्टिंग पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळचं विमान धरायचं. ते भरलं तर पंचाईत, म्हणून दुपारचं धरायचं. म्हणजे सकाळी अकरालाच घर सोडलं. ट्रिप रात्री संपली की परतीचं शेवटचं विमान गेलेलं, आणखी एक रात्र तिथेच. चार ट्रिपांचे मिळून सहा-सात दिवस असे जातात, आणि रोस्टरवर त्या प्रत्येक दिवशी 'सुट्टी' लिहिलेलं असतं. कंपनीने प्रवासी म्हणून पाठवलं तर ते डेडहेड, ड्युटीत धरतात. तुम्ही स्वतःहून आलात तर तो तुमचा खाजगी प्रवास.

जंपसीटचं म्हणाल, तर एकदा गेटवर बॅग घेऊन उभा होतो. स्टँडबाय यादीत पाचवा. जागा उरल्या तीन, आणि जंपसीटवर माझ्यापेक्षा सीनियर माणूस आधीच बसलेला. दार बंद झालं. पुढच्या विमानालाही तेच. आमच्याकडे दोन विमानांचा नियम होता: वेळेत पोचवू शकतील अशी दोन विमानं धरायचा प्रयत्न केल्याचं दाखवलं की कारवाई होत नसे. पण ट्रिप गेली ती गेलीच, आणि तिचे पैसेही.

मग क्रॅशपॅड, म्हणजे बेसजवळची भाड्याची झोपायची जागा. दोन खोल्या, आठ बंक, भाडं भरणारे चौदा. जो बंक रिकामा दिसेल तो आपला. चादर स्वतःची, नाव लिहिलेल्या पिशवीत. रात्री दोनला कोणीतरी तोंडात टॉर्च धरून बुटाच्या नाड्या बांधतोय आणि तुम्ही डोळे मिटून पडलेले, कारण पाचला तुमची पाळी.

घरीसुद्धा जेवताना मोबाइलवर उद्याच्या विमानात किती जागा उरल्या तेच बघत असायचो. शेवटी घर हलवलं. आधीच हलवायला हवं होतं.

रोस्टरवाला:
बाकी सगळं नंतर. नव्या बेसच्या कॅप्टनांच्या सीनियॉरिटीच्या यादीत तुमचा नंबर कितवा लागणार? लाइन, म्हणजे आधीच ठरलेल्या ट्रिप, मिळणार की रिझर्व्ह, म्हणजे फोन आला की हजर? हे कळल्याशिवाय ही चर्चा म्हणजे बाजारात तुरी.

तीनदा हललेली:
कमांडरसाहेब, तुमचं घर हलल्यावर घरच्यांचं काय झालं, तेही लिहा की.

नवऱ्याच्या बेसपायी मी तीनदा बिऱ्हाड हलवलं. दुसऱ्या ठिकाणी मुलांना शाळेत मित्र मिळेपर्यंत वर्ष गेलं आणि चौदा महिन्यांत तो बेसच बंद झाला. शिवाय घर हलवलं म्हणून पायलट घरी थोडाच असतो! तो ट्रिपवरच. फरक इतकाच की आता आपणही ओळखीपाळखीच्या जगापासून तुटलेल्या. एका रात्री स्वयंपाकघरातला नळ फुटला. मीटरजवळचा मुख्य कॉक कुठे असतो हे विचारायलासुद्धा त्या इमारतीत कोणी ओळखीचं नव्हतं. नवरा त्या वेळी समुद्रावर कुठेतरी.

घर मागे राहणाऱ्या माणसाच्या आधाराजवळ असावं, असं माझं स्पष्ट मत. उडणाऱ्याने काय ते सोसावं.

पायलटची मुलगी:
माझे बाबा ये-जा करायचे. मला शाळा सोडावी लागली नाही, याबद्दल आजही बरं वाटतं. पण घरी आल्यावर पहिला दिवस ते झोपलेलेच असायचे. तो दिवस आम्ही मोजायचोच नाही.

चेकलिस्ट:
'उडणाऱ्याने सोसावं' हे इतकं सोपं नाही, ताई. त्याच्या मागे प्रवासी बसलेले असतात. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं फ्लाइट ३४०७ पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. कॅप्टन फ्लोरिडात राहणारा, आदली रात्र त्याने नेवार्कच्या क्रूरूममध्ये (विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत) काढलेली. फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून, मेम्फिसला विमान बदलून सकाळी पोचलेली. तीही क्रूरूममध्येच आडवी झाली. नेवार्कला दोघांचीही झोपायची सोय नव्हती. त्या कंपनीच्या तिथल्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच लांबून येणारे होते.

खुर्चीतला:
अपघाताचं नाव काढलंत तर पूर्ण सांगा. तपासात कारण निघालं ते स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना आल्यावर कॅप्टनने केलेल्या चुकीच्या प्रतिक्रियेचं. थकव्याचा परिणाम झाला असावा असं म्हटलं, पण किती ते ठरवता आलं नाही. पुढे अमेरिकेत याच विषयावर तज्ज्ञांची समिती बसली. २०११ च्या अहवालात तिने अंतरावर किंवा प्रवासाच्या वेळेवर नियम घालण्याइतका पुरावा नसल्याचं सांगितलं. मोठ्या शहरात दोन तास गाडी चालवत येणारा माणूस एक तास विमानात झोपून येणाऱ्यापेक्षा ताजा असतो का? बेसच्या गावात राहून रात्रभर तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याचं काय?

चेकलिस्ट:
नियम घातला नाही, म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. ती तुमच्यावर टाकली. जानेवारी २०१४ पासून अमेरिकेत प्रवासी विमानांसाठी जे नियम आहेत, त्यांत ड्युटीआधी १० तास विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी द्यावी लागते. पण घरून बेसला येणं कंपनीच्या हिशेबात नाही. मात्र उड्डाणाआधी 'मी फिट आहे' हे तुम्हीच लिहून द्यायचं. युरोपात तर, घरून बेसला यायला एरवी ९० मिनिटांवर लागत असतील तर जवळ तात्पुरती राहायची सोय करण्याचा विचार करा, असं सांगितलेलं आहे. सोय करून येणारा कम्यूटर आणि क्रूरूमच्या सोफ्यावर पडणारा कम्यूटर, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धागाकर्त्याने क्रॅशपॅडचा शब्दही काढला नाही, म्हणून बोललो.

उजवीकडचा:
सोफ्यावर झोपणार नाही, एवढं नक्की. पॅड बघून ठेवलं आहे. ताईंचा मुद्दा मनापासून पटला, बायकोला वाचून दाखवतो. कमांडर, तुमच्या वेळी विमानं कमी होती. आता त्या मार्गावर दिवसाला सहा आहेत.

रोस्टरवाला:
सहा असोत नाहीतर सोळा. नंबर सांगितला नाहीत.

तीनदा हललेली:
आणि बायको काय म्हणते तेही. मी तुमच्या बाजूने बोलले खरी, पण तुमच्या पोस्टमध्ये तिची नोकरी आहे, तिची आई आहे, ती स्वतः कुठे आहे?

उजवीकडचा:
बरं, सांगतो. शेवटून तिसरा. रिझर्व्ह. फोन आल्यापासून दोन तासांत रिपोर्टिंग.

जुना कमांडर:
अहो, मग ये-जा कसली? अडीच तासांच्या विमानाने दोन तासांत कसे पोचणार? रिझर्व्हचा प्रत्येक दिवस क्रॅशपॅडवर फोन उशाशी घेऊन काढायचा. फोन न येताही. राहणार तुम्ही तिथे, घरी पाहुणे.

खुर्चीतला:
हे आधी सांगायला हवं होतं. मी तुमच्या बाजूने भांडत होतो ते लाइन असेल असं समजून. उशिरा सुरू होणाऱ्या, लवकर संपणाऱ्या ट्रिप मिळाल्या तर ये-जा जमते. तळाला बसलेल्याला त्या कोण देणार? मी तर चार वर्षं मुद्दाम उजवीकडेच थांबलो. सीनियर फर्स्ट ऑफिसर म्हणून हवे ते शनिवार-रविवार मिळत होते. मित्र कॅप्टन झाले, पगारात बराच मागे राहिलो, चिडवणारे चिडवत राहिले.

रोस्टरवाला:
आता कसं, आकडा आला. पुढचं काम करा. त्या बेसच्या यादीत वरचे किती जण ६३-६४ वर्षांचे आहेत ते मोजा. ६५ ला त्यांना सीट सोडावीच लागते. भरती चालू असेल तर तुमच्या खाली किती येतील तेही बघा. दीड वर्षात लाइन मिळणार असेल तर पॅडवर दीड वर्ष काढणं ही एक गोष्ट. सहा वर्षं लागणार असतील तर धाकटा तोवर दहावीत.

उजवीकडचा:
बायकोने पहिल्याच दिवशी नंबर विचारला होता. मी 'बघू' म्हटलं होतं. आज सांगितला. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिलं आणि पहिल्या महिन्यात मी तिथे असेन ते दिवस भरायला सांगितले. रिझर्व्हचे सतरा, जायचे-यायचे चार. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, पुढच्या महिन्याचंही भर.

यादी काढली आहे. ६३ च्या पुढचे नऊ जण आहेत. खाली किती येणार याचा अंदाज उद्या युनियनच्या माणसाकडून घेतो. बिड अजून भरलेली नाही.