मदत हवी आहे : मंडळाचा निधी गुलाबी फेरीला द्यावा की तपासणीला?

ऑक्टोबरमधील स्तन कर्करोग जागृती महिन्यासाठी खानापूर तालुक्यातील आमच्या महिला मंडळाने थोडा निधी बाजूला ठेवला आहे. परंतु तो बेळगावातील गुलाबी फितीच्या फेरीला द्यावा की गावातच तपासणी शिबिर घ्यावे, यावर एकमत होत नाही. फेरीमुळे आजाराचे नाव चारचौघांत निघते, हे मलाही पटते, कारण आमच्याकडे गाठ हाताला लागली तरी बायका घरात सांगत नाहीत. तरीही माझा कल तपासणीकडेच आहे. टाटा मेमोरियलच्या मुंबईतील दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर २ वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मागील एका शिबिरात पत्रके कन्नडमध्येच होती. कित्येकींनी ती न वाचता घडी घालून कमरेला खोचली. निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव भागात कोणी असे शिबिर घेतले असल्यास स्त्री डॉक्टर कशा मिळवल्या, गाठ आढळलेल्या बाईच्या मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) व पुढील खर्चाची सोय कशी लावली आणि मराठी पत्रके कोठे मिळतील, हे कृपया सविस्तर कळवावे.